खोगीरभरतीच्या बाजूने



मासिकासाठी लेख मागवणारी नोटीस बोर्डावर लागली की तिच्यात एक वाक्य ठरलेलं असतं: लेख दर्जेदार असावेत, खोगीरभरती नको. परीक्षेतही तेच. चार मार्कांच्या प्रश्नाला अडीच पानं लिहिली की पेपर तपासणारे सर म्हणतात, 'नुसती खोगीरभरती केलीय.' गॅदरिंगच्या कमिटीत नावं पंधरा आणि राबणारे चार असले की आपणही म्हणतो, बाकीची सगळी खोगीरभरती! या शब्दाला मराठीत इतकी वाईट संगत लागली की त्याचं मूळ घर कोणतं, हेच आपण विसरून गेलो.

खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं जीन. त्याच्या आत जे दाबून भरतात ती भरती. कापूस, लोकर, केस, गवत, चिंध्या, हाताला लागेल ते. वरून कातडं किंवा कापड शिवलं की आतला माल कुणाला दिसत नाही. म्हणून 'काहीही कोंबा, चालतंय' असा अर्थ त्या शब्दाला चिकटला. पण हा अर्थ बघणाऱ्यांनी दिलेला आहे, घोड्याने नाही. बघणाऱ्याला आतली भरती दिसत नाही. ज्याच्या पाठीवर ती बसते त्याला मात्र ती पावलापावलाला कळते. म्हणून आज मी खोगीरभरतीची वकिली करायला उभा आहे. माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर असं: स्वारीच्या घोड्याचं सुख चंदी-चाऱ्यावर जितकं आहे तितकंच त्याच्या पाठीच्या मापाच्या खोगिरावर आहे, आणि खोगीर चुकीचं असेल तर नंतर कितीही मालिश केली तरी ते सुख परत येत नाही.

गोंदियाजवळच्या आपल्या मुर्रीत घोड्याचा विषय कुठून आला, असं कुणी म्हणेल. हा धानाचा मुलूख, इथे राज्य बैलाचं. खरं आहे. पण लग्नसराईत संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून बघा. पुढे बँड, मागे जनरेटरची गाडी, मध्ये दिव्यांच्या रांगा आणि त्यांच्यात सजवलेली घोडी. वर शेरवानीतला नवरदेव, त्याच्या पुढ्यात कुणाचा तरी सहा वर्षांचा पोरगा. घोडी मान झटकते, कान मागे पाडते, शेपटी सारखी फटकारते, तोंड उघडते, एका जागी ठरत नाही. वऱ्हाडी म्हणतात, 'घोडी मस्तीत आहे.' कुणी म्हणतं, 'नखरे करते.' आपणही हसतो आणि मोबाइलमध्ये व्हिडिओ काढतो.

आता दुसरी बाजू बघा. सू डायसन या इंग्लंडमधल्या पशुवैद्यक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली स्वारीखालच्या घोड्याच्या वागण्याची एक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात २४ लक्षणं आहेत. कान बराच वेळ मागे पाडणं, तोंड पुन्हा पुन्हा उघडणं, शेपटी फटकारणं, मान झटकणं, हे सगळं त्या यादीत आहे. यातली आठ किंवा जास्त लक्षणं एकाच घोड्यात दिसली तर त्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आपण ज्याला नखरे म्हणतो ती तक्रार असू शकते. बँडच्या आवाजाने आणि गर्दीने घोडी बिथरते हेही खरं, सगळं खापर खोगिरावर फोडता येणार नाही. पण आवाज सगळ्यांना ऐकू येतो, खोगीर कुणी उचलून बघत नाही.

पाठ कशी असते

घोड्याची पाठ म्हणजे बसायचा बाक नव्हे. मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या वर, हाडांचा एक उंचवटा असतो. तिथे मणक्यांची टोकं जवळजवळ कातडीखालीच असतात, वर मांस फार थोडं. त्याच्या दोन्ही बाजूंना खांद्याची रुंद, चपटी हाडं. माणसाला गळ्याखाली हासळीचं हाड असतं, घोड्याला ते नसतंच. त्याचे पुढचे पाय धडाला स्नायूंनी बांधलेले असतात आणि चालताना खांद्याचं हाड मागे-पुढे सरकतं. शिवाय उभ्या घोड्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवरच असतो. म्हणजे ज्या जागी यंत्रणा सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात कामात आहे, नेमकं तिथेच आपण खोगिराचं पुढचं टोक टेकवतो.

चांगल्या खोगिराची रचना म्हणूनच विचारपूर्वक केलेली असते. आत एक सांगाडा, लाकडाचा किंवा हल्ली प्लास्टिकचाही. सांगाड्याला पुढे कमान, ती उंचवट्याला न टेकता वरून जाते. खाली डाव्या-उजव्या बाजूला दोन गाद्या, आणि त्यांच्या मध्ये पाठीच्या कण्यासाठी मोकळी नाळ. भार कण्यावर नाही, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर यायला हवा, आणि खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जायला नको, कारण त्यापुढे कमरेला खालून फासळ्यांचा आधार नाही. त्या दोन गाद्यांमधला माल म्हणजेच आपली बदनाम भरती! ती वापराने बसते, गोळे होतात, एका बाजूला सरकते. मग वेळोवेळी उसवून पुन्हा भरावी लागते. जे खोगीर नवं असताना नीट बसत होतं ते दोन वर्षांनी नीट बसेलच असं नाही. आणि घोडाही तोच राहत नाही. पावसाळ्यात बसून खाल्लं की तो भरतो, हंगामात झिजतो. आपलीसुद्धा पहिल्या वर्षाची पँट शेवटच्या वर्षाला होत नाही, मेसचं जेवण कसंही असो.

थोडं गणित

आपण इंजिनिअर मंडळी, आकड्याशिवाय आपला विश्वास बसत नाही. तर घ्या. नवरदेव सत्तर किलो, पुढ्यातला पोरगा वीस, सजवलेलं खोगीर दहा. झाले शंभर किलो, म्हणजे सुमारे ९८० न्यूटन. खोगिराच्या दोन्ही गाद्या पूर्ण टेकल्या आणि टेकलेलं क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर सरासरी दाब येतो सुमारे ८.२ किलोपास्कल. आता तेच खोगीर त्या पाठीला बसत नाही, मधे पुलासारखं अधांतरी आहे आणि फक्त चार कोपऱ्यांवर मिळून २०० चौरस सेंटिमीटर टेकतंय असं समजा. दाब होतो ४९ किलोपास्कल. वजन तेच, घोडी तीच, नवरदेव तोच. दाब सहापट!

हा दाब किती मोठा? माणसाच्या कातडीतल्या केशवाहिन्यांमधला दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा, म्हणजे ४.३ किलोपास्कलच्या आसपास धरतात. त्याहून जास्त दाब बाहेरून बराच वेळ राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो; अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पाठीला जखमा होतात त्या याच कारणाने. घोड्याची कातडी वेगळी, आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, पण तत्त्व तेच. आणि यातून एक गोष्ट निघते, ती मला फार महत्त्वाची वाटते: उत्तम खोगिरालासुद्धा वेळेची मर्यादा आहे. दाब कमी करता येतो, शून्य करता येत नाही. म्हणून वरात थांबली, वऱ्हाड नाचण्यात दंग झालं, की नवरदेवाने खाली उतरायला काय हरकत आहे? उभ्या घोडीवर अर्धा तास बसून राहणं हे तिला चालत नेण्यापेक्षा हलकं काम नाही. चालताना निदान दाबाची जागा तरी बदलत राहते.

वर घेतलेला हिशेब स्थिर भाराचा होता. घोडा दुडक्या चालीने निघाला की प्रत्येक पावलाला खोगिराखालचा जोर स्वाराच्या वजनाच्या साधारण दुपटीपर्यंत जातो, दौडीत त्याच्याही वर. स्टॅटिक लोड आणि डायनॅमिक लोड यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

एकूण वजनाचंही बघू. २००८ साली अमेरिकेत ओहायोमध्ये आठ घोड्यांवर एक प्रयोग झाला. घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन त्यांना काम करायला लावलं. २५ आणि ३० टक्क्यांना श्रमाच्या आणि स्नायू दुखल्याच्या खुणा ठळक दिसल्या. म्हणून वीस टक्के ही बरी मर्यादा मानतात. साडेतीनशे किलोच्या घोडीला वीस टक्के म्हणजे सत्तर किलो, खोगिरासकट. आपल्या नवरदेवाचा हिशेब शंभरावर गेला होता. पुढ्यातला पोरगा खाली उतरवला तरी सुरुवात झाली म्हणायची.

कायदा काय म्हणतो

हे सगळं परदेशी लाड आहेत असं कुणाला वाटत असेल, तर आपला कायदा ऐका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याखाली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. पाठीवर ओझं वाहणाऱ्या तट्टाला त्यात सत्तर किलोची मर्यादा आहे. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको. जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन काम नको; आपल्या गोंदियातला मे महिना आठवा आणि हा नियम कुणासाठी आहे ते ठरवा. काटे किंवा टोकं असलेली लगामाची कडी वापरायला मनाई आहे. आणि सगळ्यात गमतीचा भाग: खोगीर थेट त्या खांद्यामागच्या उंचवट्यावर टेकता कामा नये, कमान आणि उंचवटा यांच्यामध्ये पुरेशी मोकळी जागा हवी, असं त्या नियमांत स्वतंत्र कलम आहे. मशीन ड्रॉइंगच्या सरांनी ज्या क्लिअरन्ससाठी आपली शीट परत केली, तो क्लिअरन्स १९६५ पासून घोड्याच्या पाठीसाठी कायद्यात लिहिलेला आहे!

काटेरी कडीबद्दल दोन शब्द. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दात नसलेली एक मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कडी तिथे, नुसत्या हिरडीवर आणि जिभेवर बसते. तिला काटे असले की घोडा लगेच थांबतो, म्हणून ती सोयीची वाटते. पण दुखलं म्हणून थांबणं आणि ऐकलं म्हणून थांबणं यात फरक आहे. दुखणारा घोडा गर्दीत कधी उलटा उधळेल याचा भरवसा नसतो. म्हणजे काटेरी कडीत घोड्याचे हाल आहेतच, शिवाय वऱ्हाड्यांचीही सुरक्षितता नाही.

मालिश आधी की माप आधी

आता मालिशकडे येतो. घोड्याच्या चाकरीत खरारा आणि मालिश या जुन्या गोष्टी आहेत. खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायची दातेरी फणी आणि तिने केलेली साफसफाईही. मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, रोज खरारा करायचा, अंग चोळायचा, पाय उचलून खूर बघायचा. याचा उपयोग नक्की आहे. घोडे कळपात एकमेकांना खाजवतात ते बहुतेक मानेच्या मुळाशी, उंचवट्याजवळ. १९९३ साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात त्याच जागी हाताने खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी झाल्याचं दिसलं. दुसऱ्या जागी खाजवून तसं झालं नाही. आणि गंमत बघा, ज्या जागी घोड्याला मायेचा हात सगळ्यात जास्त हवा असतो, वाईट खोगीर नेमकं तिथेच चावतं.

पण मालिशचा आणखी एक उपयोग आहे, तो तपासणीचा. रोज त्याच पाठीवरून फिरणाऱ्या हाताला गरम जागा, सूज, कडक झालेला स्नायू, हात लागताच आक्रसणारी कातडी लगेच कळते. दुसऱ्या भाषेत, मालिश करणारा हात हा सगळ्यात स्वस्त सेन्सर आहे. त्या सेन्सरने धोक्याची सूचना दिली आणि आपण तेल लावून, दुसऱ्या दिवशी तेच खोगीर पुन्हा तंग आवळून बांधलं, तर काय उपयोग? बेअरिंग तापतंय आणि कारण अलाइनमेंटमध्ये आहे, अशा वेळी नुसतं ग्रीस भरत बसलात तर वर्कशॉपचे सर काय म्हणतील ते इथे छापता येणार नाही.

हे आपल्या झाडीपट्टीला समजत नाही असं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात. जू बसतं ती जागा गरम पाण्याने धुवायची, हळद आणि तूप किंवा तेल लावून चोळायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. किती सुंदर रीत आहे! वर्षभर ज्या जागेने भार सोसला, नेमक्या त्याच जागेला मान. ज्याने ही रीत पाडली त्याला भार कुठे बसतो ते पक्कं माहीत होतं. माझा प्रश्न उरलेल्या दिवसांबद्दल आहे. एक दिवस खांदा शेकायचा आणि बाकी वर्षभर तेच खडबडीत जू, हा हिशेब जुळत नाही. पोळ्याच्या दिवशी खांद्याबरोबर जूही हातात घेऊन बघायला हवं. कुठे कड निघाली आहे, कुठे गाठ आहे, ते तासून गुळगुळीत करायला सुताराचं अर्ध्या तासाचं काम. घोड्याचंही तेच. आधी माप, मग मालिश. क्रम उलटा केला की मालिश ही नुसती समजूत राहते, घोड्याची नव्हे, आपली.

खुरांचं आणि दातांचं काम याच यादीत येतं. खूर वाढतच राहतो, म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाचा हात लागावा लागतो. दाढाही झिजत आणि वर येत राहतात. त्यांच्या धारदार कडा गालाला लागतात आणि लगाम ओढला की आणखी लागतात. पाय दुखला की घोडा पाठ वाकडी धरतो, पाठ वाकडी धरली की नीट शिवलेलं खोगीरही एका बाजूला सरकतं. सगळं एकमेकांत अडकलेलं आहे.

लोक काय म्हणतील

तीन आक्षेप येतील, ते आधीच घेतो.

पहिला: 'माणसांचेच हाल कुत्रा खात नाही, तुला घोड्याचं पडलंय!' घोडेवाल्याचं पोट घोड्यावरच आहे. पाठीला जखम झाली की घोडा ऐन हंगामात बसतो आणि घरातली चूल मंदावते. शिवाय जखम असलेल्या जनावराला कामाला जुंपणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. घोड्याची काळजी आणि माणसाची काळजी या इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आणि घोडेवाल्याला नुसता दोष देणं मला पटत नाही. आपण डीजेला आणि लाइटिंगला हजारो रुपये मोजतो आणि घासाघीस कुणाशी करतो? घोडेवाल्याशी. मग तो एकच खोगीर चार घोड्यांना चालवणार नाही तर काय करणार?

दुसरा: 'घोड्याला सवय होते.' सवय होते हे खरं, पण ती गप्प राहण्याची सवय असते. गप्प बसलेला वर्ग म्हणजे समजलेला वर्ग नव्हे, हे आपल्या स्टाफला चांगलं माहीत आहे. घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ती त्याची जन्मखूण नसते बहुतेक वेळा. दाबाने केसांची मुळं दुखावली की नवा केस पांढरा येतो. तो गप्प घोड्याचा लेखी जबाब समजा.

तिसरा: 'मग घोडेच बंद करा.' मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या बाबतीत उच्च न्यायालयाने २०१५ साली तसा निकाल दिला आणि त्या शहरातली परिस्थिती बघता तो समजण्यासारखा होता. पण सगळीकडे ते जमणार नाही. माथेरानमध्ये मोटारींना मज्जाव असल्यामुळे घोडा हे वाहतुकीचं साधन झालं. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. वरातीतली घोडी उद्या नाहीशी होईल असं मला वाटत नाही. जोपर्यंत ती आहे तोपर्यंत तिच्या पाठीचा प्रश्न आहे, आणि बंदीची वाट बघत तो लांबणीवर टाकणं सोयीचं आहे, न्यायाचं नाही.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. स्वराज्याच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतला. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना १६७० च्या दशकात लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर पुढे घोडी उपाशी मरतील आणि त्याचा दोष तुमच्यावर येईल, अशी ताकीद आहे. गवताच्या गंजीजवळ दिवा ठेवू नका, इथपर्यंत तपशील आहे. मोठी मोहीम आखणारा राजा वैरणीच्या काडीचा हिशेब करत होता, कारण मोहीम शेवटी घोड्याच्या पायांवर चालते. आज नवरदेव अर्ध्या तासाचा बारगीर असतो. घोडा त्याचा नाही, खोगीर त्याचं नाही. म्हणून जबाबदारीही त्याची नाही, असं मात्र नाही.

मग आपण काय करायचं

पहिलं काम बिनपैशाचं. तुमच्या भावाच्या, मित्राच्या लग्नात घोडी आली की घोडेवाल्या काकांना विचारून पाच गोष्टी बघा. एक, स्वार बसल्यावर पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटं सहज जातात का. दोन, मागून वाकून बघितलं तर मधल्या नाळेतून उजेड दिसतो का. तीन, गादीखाली तळवा सरकवला तर दाब सगळीकडे सारखा आहे का, की मधे पोकळ आणि टोकांना घट्ट. चार, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, एकदम आवळलाय की हळूहळू, आणि त्याखाली बोटं जातात का. पाच, लगामाची कडी गुळगुळीत आहे का. काही चुकलं असेल तर काकांशी भांडू नका, बोला. बहुतेकांना आपला घोडा आपल्यापेक्षा जास्त कळतो. फक्त त्यांचं ऐकायला वऱ्हाडात कुणाला वेळ नसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. खोगीर अरुंद असेल तर खाली आणखी घोंगड्या कोंबणं हा उपाय नाही. तंग बुटात दोन मोजे घातल्यासारखं होतं ते, जास्तच आवळतं. भरती हवी, पण मापाची हवी आणि जागच्या जागी हवी.

दुसरं काम आपल्या कॉलेजचं. दरवर्षी फायनल इयरला किती लाइन फॉलोअर रोबो होतात? ते भिंतीपर्यंत जातात आणि कपाटात जातात. २०२२ साली सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाचा प्रोजेक्ट केला. उसाच्या बैलगाडीला पुढे एक आधाराचं चाक लावलं, त्यामुळे बैलांच्या मानेवरचा भार कमी झाला. कल्पना साधी, पण तिची बातमी महाराष्ट्रभर झाली, कारण ती रस्त्यावरचा प्रश्न बघून सुचली होती. आपल्याला खोगीर घेता येईल. गादीखाली बारा-सोळा फोर्स सेन्सर बसवा, आर्डुइनोला जोडा, लॅपटॉपवर दाबाचा नकाशा काढा. वाकणारी पट्टी घोड्याच्या पाठीवर ठेवून तिचा आकार कागदावर उतरवा आणि कॅडमध्ये घ्या. कापूस, लोकर, फोम या तिन्ही भरत्यांची वर्कशॉपमध्ये तुलना करा, किती दिवसांत किती बसते ते मोजा. कमानीची रुंदी कमी-जास्त करता येणारा सांगाडा बनवा, म्हणजे एकच खोगीर चार घोड्यांना खरोखर चालेल. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, सगळ्यांना पुरेल एवढं काम आहे, आणि व्हायव्हात एक्स्टर्नलला सांगायला खरा घोडा आहे.

तिसरं काम एनएसएसचं. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी एक दिवस पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलावून आसपासच्या घोडेवाल्यांसाठी तपासणी ठेवता येईल: पाठ, दात, खूर, खोगीर. पोळ्याच्या आधी तसाच एक दिवस बैलांच्या जुवांसाठी. खर्च चहा-नाश्त्याचा, आणि एक-दोन सुतार, एक चांभार यांच्या मजुरीचा. खोगीर आणि जू शिवणारे, तासणारे हात आपल्या गावांत अजून आहेत. त्यांना कामही मिळेल आणि आपल्याला त्यांच्याकडून शिकायलाही.

आपण चार वर्षं एकच गोष्ट वेगवेगळ्या विषयांत शिकतो: भार किती आहे एवढंच बघू नका, तो कुठे आणि कशावर येतोय ते बघा. पूल बांधताना आपण तो नियम पाळतो, कारण पूल पडला की पेपरात बातमी येते. घोड्याची पाठ दुखली की बातमी येत नाही. म्हणूनच ते आपल्यासारख्या मोजायला शिकलेल्यांनी बघायचं.

आणि हो, पुढच्या वेळी कुणी तुमच्या उत्तरपत्रिकेला खोगीरभरती म्हटलं तर नम्रपणे विचारा, 'सर, मापाची की बिनमापाची?' मापाची असेल तर एखादा मार्क जास्त द्यायला हरकत नसावी!

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)